माकडतापाचा प्रश्न कोणत्या विद्यापीठाचा?

फेब्रुवारी ते मे हा दक्षिण कोकणातला काजूचा हंगाम. दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात या दिवसांत घरची सगळी माणसं बागेत असतात. बोंडू वेचायचे, बी काढायची, झाडाखालचा पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, ओढून गोठ्यात अंथरायला न्यायचा, गुरं तिथेच चरायला सोडायची. जंगलातल्या गोचिडींच्या एका जातीची पिल्लंही याच महिन्यांत सगळ्यात जास्त असतात. ती डोळ्यांना जेमतेम दिसतात, पातेऱ्यात असतात, आणि चावली तरी पुष्कळदा कळत नाही. त्यांच्या अंगात क्यासनूर जंगलतापाचा विषाणू असला, तर काही दिवसांत माणूस तापाने फणफणतो, अंग ठणकतं, काहींना रक्तस्राव होतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

लोक याला माकडताप म्हणतात, कारण गावात आजार शिरण्याआधी जंगलात माकडं मरून पडलेली दिसतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होऊन बसते. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात रुग्ण आढळले. त्यावर खास औषध नाही. जी लस वर्षानुवर्षं दिली जात होती ती पुरेशी प्रभावी नसल्याचं दिसल्यावर २०२२ मध्ये कर्नाटकाने तिचा वापर थांबवला. म्हणजे आज जे काही हातात आहे ते प्रतिबंधाचं. बागेत कधी जावं, पातेरा कुठला ओढावा, गुरं कुठे चारावीत, मेलेलं माकड दिसल्यावर कोणाला कळवावं, आणि हे सगळं सांभाळून हंगामाची कमाई कशी बुडू नये.

आता हा प्रश्न अभ्यासायचा कोणी? काजूची बाग हा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा विषय. त्यांचं फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यात आहे. रुग्ण तपासणारं वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. गुरं आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी हा पशुवैद्यकांचा प्रांत, त्यांचं विद्यापीठ नागपुरात. जिल्ह्यात प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची. विषाणूची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, जंगल वनखात्याचं, आणि पलीकडची बाजू गोव्याची, म्हणजे राज्य वेगळं आणि विद्यापीठही वेगळं. बागेत काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा एकच प्रश्न आहे. आपण मात्र उच्च शिक्षणाची अशी मांडणी करून ठेवली आहे, की त्या प्रश्नाचे तुकडे चार शहरांतल्या चार कुलगुरूंच्या टेबलांवर पडलेले असतात आणि ते एकत्र करणं हे कोणाचंच काम नसतं.

हवामानबदल, साथीचे आजार, पाण्याचं प्रदूषण हे जागतिक प्रश्न एका विषयाने सुटणार नाहीत, हे आता सगळेच मान्य करतात. नवीन शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणावर पानंच्या पानं आहेत. विद्यापीठंही आंतरविद्याशाखीय केंद्रं उघडतात, परिषदा भरवतात. यातलं काहीच वाईट नाही. पण माझं म्हणणं असं आहे, की अशा संशोधनाला खरा आधार तिथे मिळत नाही. तो दोनच गोष्टींतून मिळतो. आपल्या विषयाची वेस ओलांडणाऱ्या संशोधकाचं नोकरीत नुकसान होणार नाही ही हमी, आणि एका ठिकाणी काम सुरू केल्यावर तिथे पंधरा-वीस वर्षं टिकून राहण्याची सोय. या दोन्ही गोष्टी विद्यापीठच देऊ शकतं. ठरावीक मुदतीच्या प्रकल्पाला किंवा बाहेरच्या निधीला ते जमत नाही.

याचं सर्वांत शिकवणारं उदाहरण बंगालचं आहे, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या.

बांगलादेशात १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारने गावोगाव कूपनलिका खोदायला उत्तेजन दिलं. लोक तळ्याचं पाणी पीत होते, त्यातून जुलाब-पटकीने मुलं मरत होती. भूगर्भातलं पाणी जंतूंपासून सुरक्षित, म्हणून हा उपाय. सार्वजनिक आरोग्याच्या नजरेतून तो बरोबरच होता. त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे मात्र कोणी पाहिलं नाही, कारण तो प्रश्न त्या विषयाच्या यादीतच नव्हता. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तिथल्या पाण्याची तपासणी केली. अनेक घटक मोजले, आर्सेनिक मोजलं नाही. त्यावरून पुढे लंडनमध्ये खटला झाला आणि २००६ मध्ये तो फेटाळला गेला, कारण ते पाणी पिणाऱ्या लोकांप्रती संस्थेची कायदेशीर जबाबदारी नव्हती, असं न्यायालयाने ठरवलं. कायद्याने ते योग्यही असेल. पण जे काम सांगितलं तेवढंच करायचं, ही प्रत्येक विषयाची सवय किती महागात पडू शकते ते इथे दिसतं.

वास्तविक त्याच्या नऊ वर्षं आधी, १९८३ मध्ये, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधल्या रुग्णांच्या हातापायांवरचे चट्टे आणि जाड झालेली कातडी पाहून ओळखलं होतं, की ही आर्सेनिकची बाधा आहे. पुढे जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी या प्रश्नाला आयुष्य वाहिलं. गावागावांतून पाण्याचे नमुने आणायचे, प्रयोगशाळेत तपासायचे, केस आणि नखंही तपासायची, डॉक्टरांना बरोबर घेऊन जायचं. त्यांचा पर्यावरण अभ्यासाचा विभाग दशकानुदशकं हेच करत राहिला. सरकारी यंत्रणा प्रश्न कबूल करायला तयार नव्हत्या, तेव्हा सगळा भार त्या एका विद्यापीठाच्या विभागावर होता.

२००० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने बांगलादेशातल्या आराइहाजार भागात काम सुरू केलं. साधारण २५ चौरस किलोमीटरचा मुलूख, जवळजवळ ६,००० कूपनलिका आणि सुमारे १२,००० प्रौढ माणसं. भूरसायनशास्त्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ, मुलांच्या बुद्धीच्या वाढीचा अभ्यास करणारे, अर्थशास्त्रज्ञ आणि ढाका विद्यापीठाचे भूगर्भशास्त्रज्ञ, असे सगळे त्याच गावांत आणि त्याच विहिरींवर काम करत होते. म्हणून असं काही हाती लागलं, जे वेगवेगळ्या ठिकाणी काम करून कधीच लागलं नसतं. एका घरची कूपनलिका विषारी असली तरी शेजारची चांगली असू शकते, हे भूगर्भशास्त्राने दाखवलं. त्या भागातली सुमारे ९० टक्के माणसं एखाद्या सुरक्षित कूपनलिकेपासून १०० मीटरच्या आतच राहत होती. म्हणजे महागडी शुद्धीकरण यंत्रं येण्याआधीच पुष्कळांना शेजारणीच्या नळावरून पाणी आणता आलं असतं. पण शेजारीण भरू देईल का? सुनेने परक्याच्या अंगणात रोज जायचं का? हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. अर्थशास्त्रज्ञांनी घरोघरी विचारून पाहिलं. आपल्या विहिरीचं पाणी वाईट आहे असं नेमकं कळल्यावर पुष्कळ घरांनी वर्षभरात दुसरी विहीर धरली होती. नुसती माहिती दिल्याने एवढा फरक पडतो, हे त्यातून कळलं. त्याच सुमारास देशभर कूपनलिकांची तोंडं, धोक्याची लाल आणि सुरक्षित हिरवी, अशी रंगवण्यात आली.

२०१० मध्ये याच माणसांच्या पाहणीतून 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला, की त्या गटातल्या साधारण पाचांतला एक मृत्यू आर्सेनिकच्या खात्यावर मांडावा लागतो. हा आकडा काढायला दहा वर्षं तीच माणसं नजरेसमोर ठेवावी लागली. तीन वर्षांच्या प्रकल्पात हा आकडा निघाला नसता.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती कोणत्याही एका विषयाचा अभिमान टिकू देत नाही. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका चमूने बांगलादेशात पाहिलं, की ज्या घरांनी आर्सेनिकच्या भीतीने अंगणातली कूपनलिका सोडली, त्यांच्यात लहान मुलांचे मृत्यू वाढले होते. लांबून आणलेलं, साठवलेलं किंवा तळ्यातलं पाणी पुन्हा जंतूंचं. आर्सेनिकपासून वाचवायला गेलो आणि जुना शत्रू मागच्या दाराने आत आला. रसायनशास्त्र आपल्या जागी बरोबर होतं, बालरोगशास्त्रही आपल्या जागी बरोबर होतं. मुलाच्या ओठाला लागणारं पाणी मात्र एकच होतं.

याच प्रश्नावर बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात ढाका आणि स्टॉकहोमच्या विद्यापीठांनी मिळून एक काम केलं, तेही सांगायला हवं. कूपनलिका खोदणाऱ्या स्थानिक कारागिरांना वर येणाऱ्या वाळूचा रंग ओळखता येत होता. काळी-करडी वाळू लागली तर पाणी बहुधा धोक्याचं, तांबूस-पिवळसर लागली तर बहुधा चांगलं. शास्त्रज्ञांनी ते ज्ञान पुष्कळ मोजण्यांशी ताडून पाहिलं आणि त्यातून कारागिरांना वापरता येईल असा रंगांचा साधा तक्ता तयार केला. विद्यापीठाच्या बाहेरच्या माणसाला सहसंशोधक मानल्याशिवाय असं काम होत नाही.

आता हेच काम महाराष्ट्रातल्या एखाद्या तरुण सहायक प्राध्यापकाने करायचं ठरवलं तर त्याच्या पदरात काय पडेल, ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचा एक तक्ता आहे. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला मूळ ८ गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्यातले ७० टक्के. दोनांहून अधिक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे गोचीड, गुरं, काजूची बाग आणि रुग्ण यांवर आठ जणांनी मिळून दोन वर्षं खपून लिहिलेल्या निबंधात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असलेल्या प्राध्यापकाच्या वाट्याला मूळ गुण २.४ येतात. तोच जर घरी बसून आपल्याच विषयात एकट्याने निबंध लिहील तर ८. संयुक्त प्रकल्पाचे गुण दोघांत निम्मे-निम्मे वाटले जातात. पीएच.डी.ला सहमार्गदर्शक घ्यायची सोय आहे, पण तो घेतला की मुख्य मार्गदर्शकाचे गुण १० वरून ७ होतात. नावापुरती नावं घुसडणाऱ्यांना चाप बसावा हा त्यामागचा हेतू असेल, आणि ती कीड खरीच आहे. पण कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल भरायला बसलेला माणूस हे आकडे मांडून पाहतो. घर-संसार, कर्ज, आईवडील असलेल्या माणसाने असा हिशेब केला म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा जो मसुदा काढला, त्यात पदवी एका विषयातली आणि पीएच.डी. दुसऱ्या विषयातली असली तरी पीएच.डी.च्या विषयात प्राध्यापक होता येईल, अशी वाट ठेवली. त्या मसुद्यातल्या इतर तरतुदींवर बरेच वाद झाले आणि ते रास्तही होते. ही एक गोष्ट मात्र मनापासून स्वागत करावी अशी आहे. आजवर नेट-सेटचा विषय, पदव्युत्तर पदवीचा विषय आणि रिकाम्या पदाचा विषय यांची साखळी जुळली नाही की चांगला उमेदवार अर्जाच्या छाननीतच गळत होता.

राज्याच्या पातळीवर दुसरी गोष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने त्याखाली येणाऱ्या प्रत्येक विद्यापीठात चार विद्याशाखा केल्या. त्यातली चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यासाची. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण त्या विद्याशाखेत काय ठेवलं? शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, गृहविज्ञान, समाजकार्य. हे सगळे मोलाचे विषय आहेत. पण उरलेल्या तीन विद्याशाखांत जे बसत नव्हतं ते इथे आलं, इतकंच या मांडणीचं तर्कशास्त्र दिसतं. भौतिकशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक इथे भेटत नाहीत. ते आपापल्या विद्याशाखेत, आपापल्या अभ्यासमंडळातच राहतात. अधिष्ठाता आहे, खुर्ची आहे. दोन विषयांना एका कामावर आणण्याचा अधिकार आणि त्यासाठीचा पैसा मात्र नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. जुने, व्रतस्थ प्राध्यापक म्हणतात, की आधी एक विषय धड शिकवा. सगळ्यातलं थोडं थोडं येणारे आणि कशातच खोल नसणारे पदवीधर तयार करून काय मिळवणार? मला हे पटतं. बंगालच्या उदाहरणातला साहांचा डोळा हा कसलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचाच डोळा होता. चक्रवर्तींची ताकद त्यांच्या रसायनशास्त्रात होती. आंतरविद्याशाखीय काम ही पदवीच्या पहिल्या वर्षी चार विषयांचे घास भरवण्याची गोष्ट नव्हे. ज्याचे पाय एका विषयात घट्ट रोवलेले आहेत, त्याला दुसऱ्या विषयाच्या माणसाशेजारी उभं राहता आलं पाहिजे. त्यामुळे नवीन धोरणाचा जो भर पदवीच्या वर्गात ऐच्छिक विषय वाढवण्यावर दिसतो, तो मला चुकीच्या जागी दिलेला जोर वाटतो. बदल हवा आहे तो प्राध्यापकांच्या नेमणुकीत, पदोन्नतीत आणि पीएच.डी.च्या स्तरावर.

निव्वळ पैशानेही हे होत नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये जागतिक आव्हानांवरच्या संशोधनासाठी १.५ अब्ज पौंडांचा निधी उभारला. त्याच निधीतून माकडतापावरचा एक प्रकल्प झाला. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या संस्थांनी जंगल, गुरं, गोचिडी आणि माणसांची उपजीविका एकत्र तपासली, आणि धोका दाट जंगलाच्या आतपेक्षा जंगल, बागा आणि शेती जिथे एकमेकांत मिसळतात तिथे वाढतो, असं दाखवलं. कोकणच्या माणसाला याहून कामाची माहिती कुठली? पण २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी मदतीला कात्री लावली आणि त्या निधीतले कितीतरी प्रकल्प मधेच आटले. दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकावर आपल्या जंगलाचा अभ्यास अवलंबून ठेवणं हे आपल्याला शोभत नाही.

आपल्याकडे करून दाखवलेलं काहीच नाही, असंही नाही. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र, म्हणजे सितारा, काम करतं. तिथले विद्यार्थी कर्जत, मोखाडा, शहापूरकडच्या गावांत जाऊन नळयोजना का बंद पडतात, टँकर दरवर्षी त्याच वाड्यांना का लागतो, याचा अभ्यास करतात. पंपाची ताकद, टाकीची उंची, वीजबिल, ग्रामपंचायतीची वसुली, हे सगळं एकाच प्रबंधात येतं. पुढे मराठवाडा-विदर्भातल्या पोकरा या हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीच्या सरकारी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धतही तिथल्या चमूने घडवली. २०१६ मध्ये राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, त्यामागचा विचारही तोच, की जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने जिल्ह्याचे प्रश्न हाती घ्यावेत. हे काम आयआयटीत उभं राहिलं यात आश्चर्य नाही. तिथे पदोन्नतीचे नियम स्वतःचे आहेत. संलग्न महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला ती मोकळीक नाही, आणि महाराष्ट्रातले बहुसंख्य विद्यार्थी त्याच्याच वर्गात बसतात.

म्हणून सुरुवात सिंधुदुर्गातूनच करावी असं मला वाटतं. दापोली, नाशिक, नागपूर आणि मुंबई या चार विद्यापीठांनी एका करारावर सह्या कराव्यात, गोवा विद्यापीठालाही बरोबर घ्यावं. जिल्ह्यात आठ-दहा पदं अशी असावीत, ज्यांचा पगार दोन विद्यापीठांनी मिळून द्यायचा आणि ज्यांचं मूल्यमापन दोन्हींनी मिळून करायचं. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन विद्यापीठांतले दोन मार्गदर्शक असावेत आणि दोघांनाही पूर्ण श्रेय मिळावं. शोधनिबंधात कोणी नेमकं काय केलं हे लेखकांनी लिहून द्यायची पद्धत अनेक नियतकालिकांत रूढ आहे. तेवढी नोंद घेतली तर फुकटची नावंही गळतील आणि ३० टक्क्यांची ओळही काढता येईल. आयोगाचा तक्ता बदलणं राज्याच्या हातात नाही, पण तो बदलावा असा ठराव विद्या परिषदांना करता येतो, आणि आपल्या संशोधन निधीचे, पुरस्कारांचे, रजेचे नियम विद्यापीठं आजही बदलू शकतात.

कराराची मुदत किमान पंधरा वर्षं असावी. पहिल्या दोन-तीन वर्षांत एकही निबंध आला नाही तरी चालेल अशी त्यात स्पष्ट तरतूद हवी, कारण तेवढा काळ ओळखी व्हायलाच लागतो. कृषी विद्यापीठाच्या माणसाला दवाखान्याची नोंदवही वाचता यायला आणि डॉक्टरला बागेतलं वर्षभराचं काम समजायला वेळ द्यावाच लागतो. दरवर्षी डिसेंबरपूर्वी, म्हणजे गोचिडींचा काळ सुरू व्हायच्या आधी, त्या वर्षी जे कळलं ते मराठीत आणि मालवणीत ग्रामसभेपुढे मांडलं जावं, आणि बागायतदारांनी, मजूर बायांनी, आशाताईंनी त्यावर जे म्हटलं ते पुढच्या वर्षीच्या संशोधनाच्या आराखड्यात लिहिलं जावं. एवढ्या पदांचा खर्च चार विद्यापीठांत वाटला तर कोणालाच जड नाही. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. वेंगुर्ल्याचं केंद्र आणि जिल्ह्यातलं वैद्यकीय महाविद्यालय आजही उभं आहे.